जेलमध्ये स्पॅमडी चालू दिसतो पण मेल तपासला जात नाही, तेव्हा काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रीबीएसडीवर एक जेल, म्हणजे सिस्टीमच्या आतच कोंडलेली वेगळी जागा, केलंय, त्यात मेल पोचवणारा पोस्टफिक्स आणि स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन दोन्ही आहेत, पोस्टफिक्स पाइपमधून स्पॅमसीला (स्पॅमअसॅसिनचा निरोप्या) मेल देतो आणि स्पॅमसी तो स्पॅमडीला (मागे सतत चालणारा, प्रत्यक्ष तपासणारा) देतो. स्टेटस विचारलं की स्पॅमडी चालू आहे असं येतं, मेलही पोचतायत, पण एकाही मेलला एक्स-स्पॅमचं हेडर लागत नाही, मेललॉग पूर्ण रिकामा आहे आणि हीच कॉन्फिग जेलच्या बाहेर होस्टवर व्यवस्थित चालायची. तुम्ही दोनदा सगळं पुसून परत इन्स्टॉल केलंत, फरक पडला नाही. पडणारही नव्हता, कारण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलेलंच नाहीये. जेलमध्ये १२७.०.०.१ चा, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याचा (लोकलहोस्ट), अर्थ बदलतो आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, इतकंच.

पण लगेच तिथे उडी नका मारू, आधी लॉगचं बघू, लॉगशिवाय काम करणं म्हणजे अंधारात चाचपडणं. विचार करा, पोस्टफिक्स मेल पोचवतोय, म्हणजे त्याने प्रत्येक मेलच्या चार-पाच ओळी लॉगला पाठवल्याच असणार. त्याही फाइलमध्ये नाहीत म्हणजे लिहून घेणाराच जागेवर नाही. जेल हलकं ठेवायचं म्हणून बरेच जण आरसी डॉट कॉन्फमध्ये सिसलॉगडी, म्हणजे लॉग लिहून घेणारा प्रोग्राम, बंद करून टाकतात, किंवा ज्या टेम्प्लेटवरून जेल बनवलं त्यातच तो बंद असतो. जेलच्या आत जाऊन तो चालू करा आणि सिसलॉगडीच्या फ्लॅग्जमध्ये मायनस एसएस टाका, म्हणजे तो नेटवर्कचं सॉकेट उघडणारच नाही, फक्त जेलच्या आतलं ऐकेल. मग पोस्टफिक्स आणि स्पॅमडी दोन्ही रीस्टार्ट करा. स्पॅमडीची सर्व्हिस एसए-स्पॅमडी या नावाने आहे हे लक्षात ठेवा, कारण ओपनबीएसडीचा स्पॅमडी नावाचा एक वेगळाच प्रोग्राम आहे, तो ग्रेलिस्टिंग करतो, म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला आधी थोडा वेळ थांबवतो, आणि त्याची माहिती वाचून याची कॉन्फिग बदलत बसलेले लोक मी पाहिलेत.

लॉग सुरू झाला की स्वतःलाच एक साधा मेल पाठवा. मला जवळजवळ खात्री आहे की दोनपैकी एक ओळ दिसेल. एक म्हणजे स्पॅमडी म्हणतोय, अनऑथराइज्ड कनेक्शन फ्रॉम, आणि पुढे तुमच्या जेलचाच आयपी. दुसरी म्हणजे स्पॅमसी म्हणतोय, कनेक्ट टू स्पॅमडी फेल्ड, रीट्रायिंग, तीनपैकी पहिला प्रयत्न, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी कनेक्शन रिफ्यूज्ड.

पहिली ओळ आली तर तिचा अर्थ असा. जेलच्या आधीची चीरूट ही गोष्ट १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ पासूनची, ती फक्त फाइलींचं झाड बदलते, नेटवर्कला हात लावत नाही. जेल फ्रीबीएसडी ४.० मध्ये २००० साली आलं आणि त्याने फाइलींबरोबर प्रोसेस आणि आयपी अॅड्रेससुद्धा कोंडले. साध्या, म्हणजे व्हीनेट (स्वतःचं वेगळं नेटवर्क) नसलेल्या जेलला स्वतःचा लूपबॅक, म्हणजे स्वतःशीच बोलायचा आतला रस्ता, नसतो. आतल्या प्रोग्रामने १२७.०.०.१ वर कनेक्ट करायचं म्हटलं की कर्नल गुपचूप तो पत्ता बदलून जेलचा पहिला आयपी लावतो. ऐकायला बसतानाही तेच होतं, स्पॅमडीला वाटतं आपण लोकलहोस्टच्या ७८३ पोर्टवर बसलोय पण प्रत्यक्षात तो जेलच्या आयपीवर बसलेला असतो. तरी दोघांची गाठ पडते, कारण दोघांचाही पत्ता एकाच जागी बदलला गेला. पण स्पॅमडी कनेक्शन आल्यावर बघतो की पलीकडचा कोण आहे, आणि काही सांगितलं नसेल तर तो फक्त लोकलहोस्टलाच आत घेतो. त्याला समोर दिसतो जेलचा आयपी, मग तो हाकलून देतो. घोडं इथे पेंड खातं.

आता तुम्ही म्हणाल की हाकलला तर मेल अडकायला हवा होता, एरर यायला हवी होती. इथे स्पॅमसीचा स्वभाव माहीत हवा. त्याला स्पॅमडी भेटला नाही की तो मेल जसाच्या तसा पुढे सोडतो, हीच त्याची डिफॉल्ट वागणूक आहे, सेफ फॉलबॅक म्हणतात त्याला. हेतू चांगला आहे, फिल्टर पडला म्हणून कुणाचा मेल हरवू नये. पण नवीन सेटअप तपासताना हाच स्वभाव घात करतो, कारण सगळं सुरळीत चाललंय असं दिसतं आणि फिल्टर मात्र दारातच उभा. म्हणून तपासणी चालू असेपर्यंत मास्टर डॉट सीएफमधल्या पाइपच्या ओळीत स्पॅमसीला मायनस एक्स आणि मायनस कॅपिटल एक्स दोन्ही द्या आणि मायनस एफ असेल तर तो काढा, मग तो मेल सोडणार नाही, एरर देऊन परत जाईल, आणि कॅपिटल एक्समुळे स्पॅमडी न भेटल्याची एरर तात्पुरती धरून पोस्टफिक्स मेल क्यूमध्ये ठेवेल आणि नंतर परत प्रयत्न करेल. फक्त पाइपच्या ओळीत स्पॅमसी थेट चालतोय ना, मधे एखादी शेल स्क्रिप्ट तर नाही, हे बघा, कारण स्क्रिप्टने एररचा कोड गिळला तर मायनस एक्सचा काही उपयोग नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर काम झाल्यावरसुद्धा हे दोन्ही एक्स राहू द्यावेत. क्यू वाढतेय हे कुणाच्या तरी लक्षात येतं, हेडर गायब झालंय हे महिनोन्महिने लक्षात येत नाही.

मेल न पाठवताही हे तपासता येतं. जेक्सेक या कमांडने जेलच्या आत जा आणि स्पॅमसी मायनस कॅपिटल के चालवा. स्पॅमडीने ऐकलं आणि आत घेतलं तर उत्तरात पाँग येतो, नाही आला तर मेलबिल काही बघू नका, आधी हेच सोडवा. आणि हो, हे होस्टवरून करू नका. होस्टवरून जेलच्या आयपीला टेलनेट मारून पोर्ट उघडा दिसला म्हणून समाधानी झालेले खूप असतात. त्याने फक्त होस्टवरून कनेक्शन होतं एवढंच कळलं, आतून काय होतं ते आतूनच कळेल, तेही ज्या युजरने पाइप चालतो त्याच युजरने. रूटने सगळंच चालतं.

उपाय दोन आहेत. पहिला, स्पॅमडीच्या फ्लॅग्जमध्ये मायनस कॅपिटल ए देऊन त्यापुढे जेलचा आयपी लिहायचा. ही यादी दिली की डिफॉल्टची परवानगी जाते, त्यामुळे १२७.०.०.१ सुद्धा हवा असेल तर तोही स्वल्पविराम देऊन लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, चालून जातं. पण त्याआधी सॉकस्टॅट चालवून ७८३ पोर्ट कुठल्या पत्त्यावर उघडलाय ते बघा. जेलला जर पब्लिक आयपी दिलेला असेल तर तुमचा स्पॅमडी, ज्याला तुम्ही लोकलहोस्टवर बसवलं असं समजत होता, तो बाहेरच्या जगासमोर उघडा बसलाय. यादीत नसलेल्यांना तो हाकलेल हे खरं, पण ते पोर्ट बाहेरून दिसायलाच नको.

दुसरा उपाय मला जास्त पटतो, तो म्हणजे टीसीपी सोडून द्या आणि युनिक्स सॉकेट, म्हणजे नेटवर्कऐवजी एका फाइलमधून बोलणं, वापरा. स्पॅमडीला सॉकेटपाथ सांगायचा, सॉकेटमोड ६६० ठेवायचा, पाइप ज्या युजरने चालतो त्याला त्या ग्रुपमध्ये घालायचं आणि स्पॅमसीला मायनस कॅपिटल यू देऊन तोच पाथ द्यायचा. आता आयपीचा प्रश्नच संपला, पोर्ट नाही, पत्ता बदलणं नाही, परवानगी फाइलच्या मालकीवरून ठरते. जेलचा आयपी उद्या बदलला तरी काही बिघडत नाही.

दुसरी ओळ आली असेल, म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड, तर स्पॅमडी मुळात ऐकतच नाहीये. स्टेटस चालू दाखवतो त्यावर जाऊ नका, स्टेटसने ज्या क्षणी बघितलं त्या क्षणी प्रोसेस होती एवढंच. सर्व्हिस बंद करा आणि स्पॅमडी हाताने, समोर, बॅकग्राउंडला न टाकता चालवा, मायनस कॅपिटल डी ने डीबग आणि मायनस एस ला एसटीडीएरर, म्हणजे सगळं बोलणं स्क्रीनवर येईल. नव्या जेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा जी ओळ दिसते ती म्हणजे नो रूल्स वेअर फाउंड, डू यू नीड टू रन एसए-अपडेट. फ्रीबीएसडीच्या पॅकेजबरोबर रूल्स, म्हणजे स्पॅम ओळखायचे नियम, येत नाहीत, ते एसए-अपडेटने आणावे लागतात, आणि रूल्सशिवाय स्पॅमडी उठत नाही. होस्टवर ते कधीतरी आणलेले होते म्हणून तिथे चाललं, जेलची फाइल-सिस्टीम नवी कोरी.

रूल्सबद्दल एक गोष्ट सांगतो, एका ठिकाणी मी स्वतः तीत अडकलोय. रूल्स ज्या फोल्डरमध्ये जातात, फ्रीबीएसडीवर व्हार डीबी स्पॅमअसॅसिन, त्याच्या आत व्हर्जनच्या नावाचं अजून एक फोल्डर असतं, म्हणजे ३.४.६ साठी ३.००४००६, ४.०.१ साठी ४.०००००१. जेलमधली पॅकेजेस अपग्रेड केली, स्पॅमअसॅसिनचं व्हर्जन पुढे गेलं, की तो नव्या नावाच्या फोल्डरमध्ये बघायला जातो आणि ते फोल्डर रिकामंच काय, अस्तित्वातच नसतं. जुने रूल्स शेजारीच पडलेले दिसतात म्हणून माणूस तासभर परमिशन्स तपासत बसतो. मी बसलो होतो. तेव्हापासून अपग्रेडच्या स्क्रिप्टमध्ये पॅकेज अपग्रेडनंतर लगेच एसए-अपडेट, मग स्पॅमअसॅसिन मायनस मायनस लिंट (कॉन्फिग आणि रूल्सची तपासणी), आणि तो शांतपणे परत आला तरच स्पॅमडीचा रीस्टार्ट, असा क्रम ठेवलाय. एसए-अपडेटचा एक्झिट कोड १ आला तर घाबरू नका, नवीन काही नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. ० म्हणजे नवीन आणलं, ४ किंवा त्यापुढचं काही आलं तर गडबड.

हे झालं की हेडर लागायला लागेल. पण तिथे थांबू नका, कारण हेडर लागणं आणि नीट तपासणी होणं यात बराच फरक आहे, आणि जेलमध्ये दुसरी मोठी खोट असते ती डीएनएसची. स्पॅमअसॅसिनचं अर्धं काम ब्लॉकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या, विचारण्याचं आहे आणि ते सगळं डीएनएसवरून चालतं. होस्टवर तुमचा अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर १२७.०.०.१ वर बसलेला असेल आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ तशीच उचलून जेलमध्ये टाकली असेल, तर पुन्हा तीच गंमत, आतून १२७.०.०.१ म्हणजे जेल स्वतः आणि तिथे कोणीच रिझॉल्व्हर नाही. अनबाउंडला जेलपर्यंत पोचेल अशा पत्त्यावर ऐकायला लावा आणि अॅक्सेस कंट्रोलमध्ये जेलचा आयपी घाला, कारण तो मुळात लोकलहोस्ट सोडून बाकी सगळ्यांना रिफ्यूज्ड म्हणतो.

डीएनएस मेलेलं असलं की लॉगमध्ये ते कसं दिसतं ते एकदा नजरेत भरून ठेवा. प्रत्येक मेलनंतर स्पॅमडी एक ओळ लिहितो, क्लीन मेसेज, कंसात स्कोअर आणि मर्यादा, म्हणजे ०.१ स्लॅश ५.० असं काहीतरी, मग युजर, मग किती सेकंद लागले आणि किती बाइट्सचा मेल. ते सेकंद बघा. दोन-तीन सेकंद ठीक. पण लहान असो मोठा असो, प्रत्येक मेलला १५ सेकंद आणि वर थोडे लागत असतील तर तो ब्लॉकलिस्टच्या उत्तराची वाट बघून कंटाळून पुढे जातोय, कारण आरबीएल टाइमआउटची डिफॉल्ट मर्यादा १५ सेकंद आहे. मग मेल जास्त आले की पाचच्या पाच चाइल्ड प्रोसेस वाट बघत बसतात आणि लॉगमध्ये मॅक्स चिल्ड्रनची मर्यादा गाठली, ती वाढवा, असा सल्ला येतो. तो सल्ला ऐकून संख्या वाढवू नका, मेमरी जाईल आणि डीएनएस मेलेलं ते मेलेलंच राहील.

तपासायला पिंग वापरू नका. जेलमध्ये रॉ सॉकेट मुळातच बंद असतात म्हणून पिंग ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणतो आणि लोक समजतात नेटवर्क गेलं, मग रॉ सॉकेटची परवानगी देऊन बसतात. काही गरज नाही. ड्रिल ही डीएनएसला विचारायची कमांड वापरा, ती सिस्टीमबरोबरच येते. स्पॅमहाउसच्या झेन लिस्टला २.०.०.१२७ हा टेस्टचा पत्ता विचारा, उत्तरात १२७.०.०.२ आणि तशाच प्रकारचे पत्ते आले म्हणजे लिस्ट तुमच्याशी बोलतेय. १२७.२५५.२५५.२५४ आला तर तुमचा प्रश्न कुठल्यातरी पब्लिक रिझॉल्व्हरमधून जातोय आणि स्पॅमहाउस अशांना उत्तर देत नाही. यूआरआयबीएल या ब्लॉकलिस्टचंही तसंच, हेडरच्या टेस्ट्समध्ये यूआरआयबीएल ब्लॉक्ड दिसलं की कारण हेच. जेलमध्ये घाईघाईत ८.८.८.८ टाकून दिलेला असतो ना, त्याचा हा परिणाम. स्वतःचा रिझॉल्व्हर, आणि तोही कुणाला फॉरवर्ड न करता थेट रूटपासून विचारणारा, याला पर्याय नाही.

आणि जेल जर खरोखरच बाहेरच्या जगापासून तोडलेलं असेल, म्हणजे धोरण म्हणूनच डीएनएस नाही, एचटीटीपी नाही, तर ते मान्य करून तसं सांगा. कॉन्फिगमध्ये डीएनएस अव्हेलेबल नो लिहा, म्हणजे तो वाट बघत बसणार नाही. रूल्सची फाइल बाहेरच्या मशीनवर उतरवा, तिच्याबरोबरची सहीची आणि चेकसमची फाइल पण घ्या, आत नेऊन एसए-अपडेटला मायनस मायनस इन्स्टॉल देऊन बसवा. सहीची तपासणी बंद करायचा मोह होतो कारण जेलमध्ये जीपीजी नसतो, तर जीपीजी टाका, तपासणी बंद करू नका. हे रूल्स तुमच्या सर्व्हरवर चालणार आहेत.

बेजचा, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा, डेटाबेस हा अजून एक हमखास सापळा. जेलमध्ये रूट म्हणून शिरून एसए-लर्न चालवलंत, शेकडो मेल शिकवले, आणि स्पॅमडी दुसऱ्या युजरने चालतोय, तर शिकवलेलं सगळं रूटच्या घरात जाऊन बसलं. ज्या युजरने स्पॅमडी मेल तपासतो त्याच युजरने एसए-लर्न मायनस मायनस डंप मॅजिक चालवा आणि एनस्पॅम आणि एनहॅमचे, म्हणजे शिकलेल्या स्पॅम आणि चांगल्या मेलचे, आकडे बघा. दोन्ही किमान २०० झाल्याशिवाय बेज तोंडच उघडत नाही. आकडे शून्य दिसले तर आधी त्या युजरला जेलमध्ये लिहिता येईल असं होम फोल्डर आहे का ते बघा, कारण जेल बनवताना सिस्टीम युजरना घर द्यायचं राहूनच जातं.

तुमच्या सेटअपमध्ये होस्टवर पुढे एक पोस्टफिक्स आणि तो जेलमधल्याला रिले करतो असं काही असेल, तर इंटर्नल नेटवर्क्स आणि ट्रस्टेड नेटवर्क्स हे दोन्ही स्वतः लिहा, अंदाजावर सोडू नका. नाहीतर जेलमधला फिल्टर पुढच्या पोस्टफिक्सलाच पाठवणारा समजतो आणि त्याचाच पत्ता ब्लॉकलिस्टला विचारतो. डॉकर वापरणाऱ्यांकडे याचं उलटं रूप दिसतं, काही सेटअपमध्ये बाहेरून आलेलं प्रत्येक कनेक्शन ब्रिजच्या १७२.१७.०.१ वरून आल्यासारखं दिसतं, तो खाजगी पत्ता म्हणून विश्वासाचा धरला जातो आणि धडधडीत स्पॅमलाही ऑल ट्रस्टेडचा उणे एक मिळतो. हेडरमध्ये बाहेरच्या मेलवर ऑल ट्रस्टेड दिसलं की समजायचं खरा पत्ता वाटेत हरवतोय.

तुमच्याकडे नाही, पण याच जातीचा दोष लिनक्सवर चीरूटमध्ये येतो म्हणून दोन ओळी. डेबियन-उबंटूवर बऱ्याच सेटअपमध्ये पोस्टफिक्सचा एसएमटीपीडी व्हार स्पूल पोस्टफिक्सच्या आत कोंडलेला असतो, मास्टर डॉट सीएफमधला पाचवा कॉलम बघा, तिथे वाय असेल तर तो कोंडलेला आहे. मिल्टरचं, म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेल्या फिल्टरचं, सॉकेट स्लॅश रनमध्ये असेल तर एसएमटीपीडीला ते दिसणारच नाही, कारण त्याचा स्लॅश म्हणजे ते स्पूलचं फोल्डर. सॉकेट स्पूलच्या आत बनवा आणि पोस्टफिक्स युजरला मिल्टरच्या ग्रुपमध्ये घाला. तिथला स्वभाव मात्र उलटा, मिल्टर सापडला नाही की पाठवणाऱ्याला ४५१ मिळतो, नंतर प्रयत्न करा म्हणून. तो वाय काढून एन करायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण मी म्हणेन सॉकेट हलवा, कोंडण्याची सोय तशीच राहू द्या, ती कुणीतरी विचार करून ठेवलीये.

तर तुम्ही आज एवढं करा: सिसलॉगडी चालू, स्पॅमसीला दोन्ही एक्स, आतून कॅपिटल के ची पाँग, मग झेनच्या टेस्टचं ड्रिल. पाँग येऊनही हेडर लागलं नाही तर मास्टर डॉट सीएफमधली पाइपची ओळ आणि मेललॉगमधल्या त्या एका मेलच्या सगळ्या ओळी, क्यू आयडीसकट, इथे टाका. कंटेंट फिल्टर, म्हणजे मेल पाइपकडे वळवणारी सेटिंग, चुकीच्या सर्व्हिसवर लावलेला असण्याची शक्यता मग उरते, आणि ती त्या ओळींवरून लगेच कळेल.